ओठ उचलून बघा: कुत्र्या-मांजरांच्या दातांची काळजी, अगदी पहिल्यापासून

आमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव बंड्या. पांढराशुभ्र स्पिट्झ. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. डोळ्याचंच काहीतरी असणार, असं समजून आम्ही दहा दिवस डोळ्यात थेंब घातले. सूज फुटली, पू वाहिला, जागा भरून आली. तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा सूज. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यावर एक नजर टाकली, बंड्याचा वरचा ओठ अंगठ्याने वर केला आणि मला जवळ बोलावलं. वरच्या मोठ्या दाढेवर तपकिरी कीटणाचं कवच चढलं होतं, कडेची हिरडी लालभडक होती. दाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि तो डोळ्याखालून वाट काढत होता.

आठ वर्षांत मी त्याचा ओठ एकदाही उचलून पाहिला नव्हता. तोंडाला वास यायचा, पण "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच" हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. निरोगी कुत्र्याच्या किंवा मांजरीच्या तोंडाला कुजका वास येत नाही. येत असेल तर आत काहीतरी बिघडलं आहे. एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या जिवाचं बरंचसं दुखणं वाचलं असतं. म्हणून घरी नुकतंच पिल्लू आणलेल्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

तोंडाला हात लावण्याआधी रेबीजचं बघा

आपल्याकडे हा विषय दातांच्याही आधी येतो. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो आणि तुम्ही तर रोज तोंडात बोट घालायला शिकणार आहात. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. आपल्याकडे तो साधारणपणे दरवर्षी देतात. मांजरालासुद्धा. "आमची मांजर घराबाहेर जात नाही" म्हणून ही लस टाळू नका.

रस्त्यावरून आणलेल्या, पूर्वीची काही माहिती नसलेल्या जनावराचं तोंड स्वतः उघडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. त्यातही एक चित्र मनात पक्कं ठेवा: खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, पाणी गिळता येत नाही, आवाज बदलला आहे. असं दिसलं की "घशात हाड अडकलं असेल" म्हणून माणसं हात घालतात. हाड खरंच अडकलेलं असू शकतं, पण रेबीजचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. त्यात जनावर चवताळत नाही, गप्प पडून असतं. हात घालू नका, मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना फोनवर लक्षणं सांगा. दात लागला, ओरखडा आला किंवा हातावरच्या जखमेला लाळ लागली तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. हळद, चुना, तिखट असलं काहीही जखमेत भरायचं नाही.

तोंडात काय काय असतं

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात येतात, मोठेपणी ४२ होतात. मांजरीला लहानपणी २६ आणि मोठेपणी ३०. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसायला लागतात, सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमाराला पुढचे छोटे दात पडायला लागतात, पाच-सहा महिन्यांत सुळे बदलतात आणि सातव्या महिन्यापर्यंत सगळा पक्का संच तोंडात असतो. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय डॉक्टर तोंडात बघून सांगतात ते या हिशेबावरूनच. या काळात सोफ्यावर किंवा चटईवर तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका. बरेचसे दात तर पिल्लं गिळून टाकतात.

पाचव्या ते सातव्या महिन्यात मात्र एक गोष्ट मुद्दाम बघायची. नवा सुळा वर आला आणि दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा राहिला तर दोन्हींच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा दात तिरका होतो. एका जागी एकाच जातीचे दोन दात नकोत. स्पिट्झ, पॉमेरियन, शित्झू, यॉर्की अशा लहान जातींत हे फार दिसतं. नसबंदीसाठी भूल देणारच असतील तर त्याच वेळी तो दात काढून घ्या, दोनदा भूल द्यायला नको. तो घरी हलवून किंवा दोऱ्याने ओढून काढायचा मुळीच प्रयत्न करू नका. त्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं, आत मोडून राहतं.

आता कीटण. जेवण झाल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर बसतो. तो बोटाने किंवा ब्रशने निघतो. तसाच राहिला तर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो. ते कीटण. ते ब्रशने निघत नाही. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण कीटण झपाट्याने चढतं. दिसणारं पिवळं-तपकिरी कवच दिसायला वाईट असलं तरी खरा त्रास हिरडीच्या आत, न दिसणाऱ्या जागी असतो. आधी हिरडी सुजते. इथपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं आणि झिजलेलं हाड परत येत नाही. "रोज ब्रश करा" या सांगण्यामागचं सगळं कारण त्या दोन-तीन दिवसांत आहे.

हिरडीच्या रंगाबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. आपल्या देशी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या किंवा काळे-गुलाबी ठिपके असलेल्या असतात. तो जन्मजात रंग आहे, रोग नव्हे. बघायचं ते गुलाबी भागाकडे. दाताच्या कडेला लाल रेघ दिसली तर ती सूज. सगळी हिरडी पांढुरकी किंवा पिवळट दिसली तर विषय दातांचा नाहीच, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दातांवर कीटण नसताना हिरडीतून किंवा नाकातून रक्त येत असेल तर आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापाचा धरावा लागतो. पावसाळ्यात आणि नंतर गोचिड्या वाढतात तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा.

पहिले दोन आठवडे ब्रश आणूच नका

नवखे लोक दुकानातून ब्रश-पेस्टचा संच आणतात, त्याच संध्याकाळी पिल्लाला गुडघ्यात दाबून दात घासतात आणि तिसऱ्या दिवशी संच कपाटात जातो. पिल्लू तर ब्रश दिसला की पलंगाखाली. घाई झाली की पुढचं सगळं अवघड होतं.

पहिले चार-पाच दिवस फक्त गालावरून आणि हनुवटीखालून हात फिरवायचा. जनावर दमलेलं असावं, फिरून आल्यावर किंवा जेवण झाल्यावर. त्याच्या समोर ओणवं उभं राहू नका, शेजारी बसा. मग अंगठ्याने वरचा ओठ क्षणभर वर करायचा, सोडायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरे. तोंड उघडायची गरज नाही. दात मिटलेले असतानाच ओठ उचलला की बाहेरची बाजू पूर्ण दिसते आणि आपल्याला काम तिथेच करायचं आहे. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते.

दुसऱ्या आठवड्यात बोटाला ओलसर गॉज किंवा स्वच्छ सुती फडकं गुंडाळून दोन दातांवरून फिरवा, उद्या चार, परवा सगळ्या बाजूने. ते मान मागे घेतं, जीभ ओठांवरून फिरवत राहतं, कान मागे पाडतं, नजर चुकवतं, ही "पुरे" म्हणण्याची भाषा आहे. तिथेच थांबा, उद्या एक पाऊल मागे येऊन सुरू करा. गुरगुरलं तर ओरडू नका. गुरगुरणं दाबून टाकलं की ते पुढच्या वेळी न सांगता चावतं. आधी शांत असलेलं मोठं जनावर अचानक हात लावू देईनासं झालं तर तो हट्ट नाही, दुखतंय. अशा तोंडात ब्रश घालायचाच नाही, आधी तपासणी.

ब्रश, पेस्ट आणि आपल्या घरातले उपाय

ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ दातांचा चालतो. मांजरीला आणि छोट्या कुत्र्याला तोच बरा. बोटावर चढवायचे रबरी ब्रश मिळतात, पण त्यांचे दात जाड असतात, हिरडीच्या कडेशी नीट पोचत नाहीत. सुरुवातीच्या सवयीसाठी ते ठीक.

पेस्ट मात्र जनावरांचीच हवी. आपली पेस्ट त्यांना थुंकता येत नाही, सगळी पोटात जाते. तिच्यात फ्लोराइड असतं, फेस करणारी द्रव्यं असतात, आणि काही साखरविरहित पेस्टमध्ये झायलिटॉल असतं. झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतं आणि यकृत निकामी करू शकतं. पेस्ट नाही मिळाली तर साध्या पाण्याने घासा. काम घासण्याने होतं, पेस्ट बहुतेक चवीसाठी.

घरातल्या उपायांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण हे प्रश्न वडीलधाऱ्यांकडून येतात आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. मशेरी कधीही नाही. ती तंबाखू आहे, आणि निकोटीन कुत्र्या-मांजरांसाठी विष आहे. लवंगेचं तेल नाही, मांजरीला तर बिलकुल नाही, तिच्या यकृताला ते पेलत नाही. राखुंडी, मीठ आणि कोळशाची पूड दाताचं वरचं आवरण घासून काढतात. खायच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं आणि तोही सगळा पोटातच जातो. आजीला वाईट वाटू नये म्हणून "आपण डॉक्टरांना विचारू" म्हणा आणि डबी उचलून ठेवा.

घासायचं असं: ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेघेवर तिरका टेकवायचा, साधारण ४५ अंशांत, आणि लहान गोल फिरवायचा. वरच्या मोठ्या दाढा आणि सुळे आधी, कारण कीटण तिथे सर्वांत जास्त चढतं. वरची सर्वांत मोठी दाढ डोळ्याच्या साधारण खाली येते, तिला तीन मुळं असतात, आणि बंड्याची बिघडली ती हीच. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतो. दोन्ही बाजू मिळून मिनिटभराचं काम. रोज. रोज जमतच नसेल तर एक दिवसाआड, पण आठवड्यातून एकदा घासण्याचा उपयोग जवळजवळ शून्य, तोवर थर कडक झालेला असतो. पहिल्या दिवसांत ब्रशला किंचित रक्त लागलं तर हिरडी सुजलेली आहे असं समजा. हळुवार सुरू ठेवलं तर आठवड्याभरात थांबायला हवं. थांबलं नाही तर डॉक्टर.

आमच्याकडे आता जी देशी कुत्री आहे, गौरी, तिचे दात रात्री माझ्या ब्रशनंतर घासले जातात. वेळ पक्की असल्यामुळे ती स्वतःच येऊन बेसिनखाली बसते. सकाळची घाई असलेल्या घरात सकाळी हे जमत नाही, उगाच ठरवू नका.

मांजरीचं सगळं वेगळं

मांजर दुखणं लपवते. दात मोडला तरी खात राहते, फक्त खाण्याची पद्धत बदलते. ड्रायफूडचे दाणे न चावता गिळते, मान एका बाजूला कलवून खाते, ताटलीकडे धावत येते आणि वास घेऊन फिस्कारून पळते, अंग चाटणं सोडते म्हणून केसांच्या गाठी होतात. एरवी मांडीवर येणारी भाटी हनुवटीला हात लावू देईनाशी होते. यातलं काही दिसलं की "आजकाल नखरे करते" म्हणू नका.

मांजरींना एक आजार होतो जो माणसांना फारसा माहीत नसतो. दात हळूहळू विरघळत जातो. हिरडीच्या कडेला दातावर लाल-गुलाबी ठिपका दिसतो, जणू हिरडीच दातावर चढली आहे. तो भाग अतिशय दुखरा असतो. भुलीखाली असतानासुद्धा तिथे टोचलं तर काही मांजरींचा जबडा थरथरतो. कारण अजून नक्की सापडलेलं नाही, आणि सिमेंट भरून तो दात वाचत नाही. एक्स-रे काढून, मुळाची स्थिती बघून तो काढावाच लागतो. दुसरा आजार म्हणजे घशाच्या जवळपर्यंत सगळं तोंड लालभडक सुजणं. लाळेत रक्त येतं, मांजर जांभई देतानाही ओरडते. यात औषधांनी काही दिवस आराम पडतो आणि पुन्हा उलटतं. बऱ्याचदा सगळ्या दाढा, कधी सगळेच दात काढावे लागतात. ऐकताना भयंकर वाटतं, पण बहुतेक मांजरींना त्याने मोठा आराम पडतो आणि बिनदाताची मांजर मऊ खाऊन छान जगते. आमच्या शेजारच्या वाड्यातला बोका सगळ्या दाढा काढल्यावर पंधरा दिवसांत अंगाने भरला.

मांजरीचं तोंड घासायला समोरून जाऊ नका. तिला मांडीत, पाठ तुमच्या पोटाला टेकवून बसवा, डावा तळहात डोक्यावर, अंगठ्याने ओठ किंचित मागे. तीस सेकंदांच्या वर थांबू नका. पुदिन्याच्या वासाची पेस्ट तिला आवडत नाही, चिकन किंवा माशाच्या चवीची घ्या. सुरुवातीला पेस्ट नकोच असेल तर ट्यूनाच्या डब्यातलं पाणी ब्रशला लावा, मिठाचं नको, साध्या पाण्यातला ट्यूना असावा. इतकं करूनही काही मांजरी ब्रश घेतच नाहीत. त्यांच्याशी झोंबून घरातलं नातं बिघडवू नका, ओठ उचलून बघण्याची साप्ताहिक सवय ठेवा आणि वर्षाची तपासणी चुकवू नका.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं: मांजरीने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः जाड मांजरीच्या यकृतात चरबी साचते आणि त्यात ती दगावू शकते. दातदुखीने सुरू झालेलं दुखणं असं जिवावर येतं. माणसाची गोळी देऊन वेळ काढायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते, आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं जातात.

चावायला काय द्यायचं

खाटकाकडून नळी आणून कुत्र्याला टाकायची, ही आपली जुनी पद्धत. दात साफ होतात असं म्हणतात. थोडं कीटण निघतंही, पण नळी दाढेपेक्षा चिवट ठरते आणि वरच्या त्याच मोठ्या दाढेची कपची उडते. आतली नस उघडी पडते, कुत्रं काही बोलत नाही आणि वर्षभराने डोळ्याखाली सूज येते. गोल कापलेल्या नळीचं कडं खालच्या जबड्यावर चढून सुळ्यांमागे अडकतं, ते कापून काढावं लागतं. शिजवलेली कोंबडीची हाडं तर नकोतच, त्यांच्या सळ्या होतात. शिंगं, खूर, दगडासारखे नायलॉनचे खेळणे, बर्फाचे मोठे खडे, सगळे याच यादीत.

परीक्षा सोपी आहे. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नख रुतलं नाही तर ती दातांसाठी फार कडक. टेनिसचा चेंडू मऊ असला तरी त्याच्या लोकरीत माती अडकते आणि तो सतत चघळणाऱ्या कुत्र्याचे दात कानशीने घासल्यासारखे सपाट होतात. फेकून आणायला चालेल, चघळायला नको. मऊ रबराची खेळणी, दाबली की वाकणारे च्यू, गाजराचा लांब तुकडा हे ठीक. पाकिटावर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहर दिसली तर त्या वस्तूचा थर किंवा कीटण कमी करण्याचा गुण चाचण्यांत तपासलेला आहे, एवढा भरवसा धरता येतो. च्यू दिला तर त्या दिवसाचं खाणं तेवढं कमी करा.

दूध-पोळीवर वाढणाऱ्या कुत्र्यांबद्दल विचारतात. मऊ खाणं दातांना घासत नाही, हे खरं. पण नुसतं ड्रायफूड सुरू केल्याने दात साफ राहतात हेही खरं नाही. बहुतेक दाणे टोक लागताच फुटतात, हिरडीपर्यंत काही पोचत नाही. खाणं काहीही असो, ब्रश सुटत नाही.

डॉक्टरांकडे कधी, आणि कुठे

लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत "तोंडही बघता का?" असं स्वतः म्हणा. सहाव्या-सातव्या महिन्यात दात बदलून झाले की एकदा खास तपासणी, पुढे वर्षातून एकदा, सातव्या-आठव्या वर्षानंतर दोनदा. लहान जातींचं पहिल्या वर्षापासूनच बघावं लागतं. तेवढ्याशा जबड्यात ४२ दात दाटीने उभे असतात. त्यांच्या खालच्या जबड्याचं हाड इतकं पातळ होतं की दुर्लक्षित तोंडात साध्या उडीनेही ते मोडू शकतं.

डोळ्याखाली सूज, एकाच नाकपुडीतून स्राव आणि सततच्या शिंका, मोडलेला दात, हलणारा दात, तोंडात गाठ, खेळण्यावर रक्त, पंजाने तोंड घासत राहणं, यांतलं एकही लक्षण वर्षाच्या भेटीपर्यंत ठेवण्यासारखं नाही. वासही नीट ओळखा. कुजका वास बहुधा दातांचा, लघवीसारखा उग्र वास आणि तोंडात फोड असतील तर मूत्रपिंडांची तपासणी, गोडसर वास असेल तर साखरेची.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचं असतं, पण तोंडाची तपासणी, लस आणि पुढे कुठे जायचं याचा सल्ला तिथे मिळू शकतो. भूल देऊन करायच्या कामासाठी शहरातला सुसज्ज दवाखाना किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय बघा. मुंबईत परळला १८८६ पासूनचं महाविद्यालय आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि पुणे-सातारा रस्त्यावरचं शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. जाण्याआधी फोन करून दातांचं काम कोणत्या दिवशी होतं ते विचारून घ्या, लांबून जनावर घेऊन जाऊन परत फिरावं लागू नये.

भूल देऊन दातांची स्वच्छता

इथे घरचे सर्वांत जास्त घाबरतात, मीही घाबरले होते. म्हणून काही ठिकाणी "भूल न देता" स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं, करून देतो म्हणतात. कृपा करून हे करू नका. जागं जनावर धरून दिसणारं कीटण खरवडलं की दात पांढरे दिसतात आणि हिरडीच्या आतला रोग तसाच राहतो. घरच्यांची समजूत होते की काम झालं. शिवाय धारदार हत्यार, हलणारं डोकं आणि भेदरलेला जीव. काही दुकानांत मिळणारे खरवडायचे हूक घरी वापरायचे नाहीत ते याच कारणासाठी.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारायला संकोच करू नका: आधी रक्ततपासणी करणार का? श्वासनलिकेत नळी घालणार का? ती हवीच, नाहीतर कीटण काढायच्या यंत्राचं पाणी आणि जंतू फुप्फुसात जातात. सलाईन चालू असेल का, अंग गरम ठेवायची सोय काय? भूल चालू असताना श्वास आणि ठोके बघायला वेगळं माणूस असेल का? हिरडीखालची सफाई आणि शेवटी पॉलिशिंग होणार का? स्केलिंगने दातावर बारीक ओरखडे राहतात, पॉलिश न करता सोडले तर थर लवकर बसतो. दातांचा एक्स-रे आहे का? आणि खर्चाचा अंदाज लिहून मागा, त्यात दात काढावे लागले तर किती, हे वेगळं लिहून घ्या. आत काय सापडेल हे भूल दिल्याशिवाय पूर्ण कळत नाही, त्यामुळे फोन लावल्यावर उचलेल असा नंबर देऊन ठेवा. पग किंवा तत्सम चपट्या नाकाचं जनावर असेल, घोरत असेल, तर ते आधीच सांगा, त्यांची भूल जास्त जपून द्यावी लागते.

आदल्या रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील. छोट्या पिल्लाला आणि मधुमेही जनावराला वेगळा नियम असतो. त्या सकाळी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. आमच्याकडे आजोबांनी प्रेमाने बिस्किट दिलं आणि बंड्याची तारीख चार दिवस पुढे गेली.

घरी आणल्यावर

पहिल्या रात्री तो झोपाळू असेल, जमिनीवरच अंथरूण घाला, जिन्यापासून दूर. मांजरीला एका शांत खोलीत, उंच कपाटांवर चढता येणार नाही असं ठेवा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडं पाणी, मग थोडा मऊ भात आणि चिकन, किंवा भिजवलेलं ड्रायफूड. लाळेत गुलाबी छटा एक दिवस दिसेल. ताजं रक्त थेंब-थेंब गळत असेल तर फोन करा. वेदनाशामक दिलेलं असतं ते पूर्ण द्या, "आता बरा दिसतोय" म्हणून मध्येच थांबवू नका. टाके बहुधा आपोआप विरघळतात. दात काढलेल्या बाजूला दहा ते चौदा दिवस ब्रश नाही, ओढाओढीचे खेळ नाहीत, च्यू नाही. बाकीच्या दातांना कधी सुरुवात करायची ते पुन्हा दाखवायला जाल तेव्हा विचारा. जाताना ब्रश सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा घासून दाखवा, हात कुठे चुकतो ते लगेच कळतं.

बंड्याची ती दाढ काढली. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून चेंडू तोंडात धरून आणला. गेली दोन वर्षं त्याने तो धरणंच सोडलं होतं, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं.